वाचकांचे प्रश्न : परिषदेचा कार्बनभार नेमका कशात?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात जानेवारीत खाजन शेतीवर (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत बांध घालून केलेल्या शेतीवर) दोन दिवसांची परिषद भरणार असून 150 प्रतिनिधी अपेक्षित आहेत, त्यांतील निम्मे गोव्याबाहेरचे असतील. विषय पर्यावरणाचा असल्यामुळे परिषदेचा कार्बनभारही (म्हणजे तिच्यापायी होणारे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन) कमी असावा, अशी आमची इच्छा आहे. समितीने ज्यूटच्या पिशव्या, प्लॅस्टिकमुक्त भोजन आणि प्रत्येक पाहुण्याला एक रोपटे असे ठरवले आहे. एवढे पुरेसे होईल का?
— एक प्राध्यापिका, फोंडा

उत्तर : या तिन्ही गोष्टी जरूर कराव्यात, परंतु परिषदेच्या कार्बनभारात त्यांनी फारसा फरक पडणार नाही. सर्वांत मोठा वाटा असतो तो प्रतिनिधींच्या प्रवासाचा, आणि त्यातही विमानप्रवासाचा. अमेरिकन जिओफिजिकल युनियन या भूवैज्ञानिकांच्या संघटनेच्या 2019 मधील सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनाला सुमारे 28,000 जण जमले होते. त्यांच्या केवळ जाण्यायेण्यातून अंदाजे 80,000 टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन झाल्याचा हिशेब नंतर मांडला गेला, म्हणजे माणशी जवळजवळ तीन टन. हवामानबदलाचा अभ्यास करणारी कितीतरी मंडळी त्या गर्दीत होती, हे विशेष.

तुमची परिषद लहान असली तरी हिशेबाची रीत तीच राहते. सभागृहातील वातानुकूलनाला दिवसभरात समजा 200 युनिट वीज लागली, तर देशातील विजेच्या सध्याच्या सरासरीने, म्हणजे युनिटमागे सुमारे 0.7 किलोने, 140 किलो उत्सर्जन होते. दिल्लीहून विमानाने येणारा एकच प्रतिनिधी एकेरी प्रवासात साधारण तेवढाच भार टाकतो. म्हणून समितीच्या पहिल्या बैठकीत पिशव्यांचे नमुने पाहण्याआधी कोण कुठून आणि कशाने येणार, याची यादी करावी.

आपल्याकडे प्राध्यापक विमानाने येतात ते पुष्कळदा हौसेने नव्हे, तर निबंध स्वीकारल्याचे पत्र परिषदेच्या तोंडावर हाती पडते म्हणून. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी खुले होते आणि जानेवारीत गोव्याकडे येणाऱ्या गाड्या पाहता पाहता भरतात. तेव्हा स्वीकृतिपत्रे किमान तीन महिने आधी, म्हणजे ऑक्टोबरच्या आत गेली पाहिजेत. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झाले असून मुंबई ते मडगाव हा प्रवास रेल्वेने केल्यास उत्सर्जन विमानाच्या एक-पंचमांशाहूनही कमी होते.

कार्यक्रमपत्रिका मात्र गाड्यांच्या वेळा समोर ठेवून आखायला हवी. सकाळी साडेनऊला दीपप्रज्वलन ठेवले, की मुंबईकराला आदल्या दिवशीच यावे लागते किंवा पहाटेचे विमान धरावे लागते. कोकणकन्या रात्री मुंबईहून निघून सकाळी उशिरा मडगावला पोचते आणि वंदे भारत पहाटे निघून दुपारी. उद्घाटन पहिल्या दिवशी दुपारी अडीचला ठेवले आणि दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास समारोप केला, तर पहिल्या दिवशी दोन्ही गाड्यांनी येणारे वेळेवर पोचतील आणि परतीची कोकणकन्याही गाठता येईल. पुण्याच्या मंडळींना गोवा एक्सप्रेस आहे. गाड्यांच्या वेळेला मडगाव स्थानकावर महाविद्यालयाची एक बस उभी राहिली, तर फोंड्यापर्यंतच्या वीस टॅक्सी वाचतात.

दुसरा मुद्दा जरा नाजूक आहे. पत्रिकेवर एक परदेशी नाव झळकले, की परिषद आंतरराष्ट्रीय ठरते, आणि पाऊण तासाच्या बीजभाषणासाठी युरोपातून माणूस आणण्याचा मोह होतो. एका माणसाच्या येण्याजाण्याचे उत्सर्जन टनाच्या आसपास जाते आणि तिकीट बिझनेस क्लासचे असेल तर त्याच्या दुपटी-तिपटीने. तुमच्या विषयासाठी नेदरलँड्समधील समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनींचा जाणकार हवा असेल, तर त्याला पडद्यावर बोलवा. फोंड्यात दुपारचे तीन वाजतात तेव्हा तिथे सकाळचे साडेदहा असतात, त्यामुळे वेळेचीही अडचण नाही. प्रश्नोत्तरांना अर्धा तास राखून ठेवा आणि ध्वनियंत्रणेची चाचणी आदल्या दिवशीच घ्या. दूरस्थ व्याख्याने बहुधा आवाजापायी फसतात.

समोरासमोरच व्हावे असेही काही असते. भरतीच्या पाण्याने मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेची, दारे आपोआप कशी मिटतात आणि ओहोटीला कशी उघडतात, हे बांधावर उभे राहून पाहावे लागते, आणि तेथील शेतकऱ्याशी बोलायचे तर बांधावरच बोलावे. जे थोडे विमानप्रवास अटळ असतील, ते संशोधनाच्या उमेदवारीत असलेल्यांच्या वाट्याला यावेत; ज्येष्ठांच्या ओळखी एव्हाना झालेल्या असतात.

भोजनाबद्दल एवढेच, की मटण वगळून बांगडा, भाजी आणि मिळाल्यास खाजनातल्याच कोरगुटाचा (खारे पाणी सोसणाऱ्या तांदळाचा) भात ठेवावा. रोपट्यांविषयी मात्र गैरसमज नको. पूर्ण वाढलेले झाडही वर्षाला साधारण 20 ते 25 किलोच कार्बन डायऑक्साइड शोषते आणि रोपट्याला तेवढे वाढायला कित्येक वर्षे लागतात. शिवाय विमानाने परतणाऱ्या पाहुण्याचे रोपटे बहुधा हॉटेलच्या खोलीतच राहते. त्याऐवजी नोंदणीच्या अर्जात प्रवासाचे गाव आणि साधन विचारून घ्या, आणि आलेली बेरीज विमानप्रवासांच्या संख्येसह स्मरणिकेत छापा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या समितीला तुलना करता येईल.