खताने मरणारी अळंबी

प्रश्न : मार्च २०२५ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत, म्हणजे कोणती जात किती धोक्यात आहे याच्या नोंदीत, बुरशींच्या जाती १,३०० झाल्या आणि त्यांतल्या निदान ४११ धोक्यात आहेत, असं वाचलं. त्यात युरोपच्या कुरणांतली एक पिवळी-नारिंगी अळंबीही आहे. धिंगरीसारखी पिशवीत वाढवून ती कुरणात का लावत नाहीत?
– वाचक, दादर

उत्तर : ती फायब्रस वॅक्सकॅप, म्हणजे हायग्रोसायबी इंटरमीडिया. धिंगरी मेलेल्या काडावर जगते, म्हणून ओला पेंढा आणि बियाणं एवढ्यावर तिचं भागतं. वॅक्सकॅपचे तंतू मात्र जिवंत गवत नि शेवाळाच्या संगतीने जगत असावेत. पिशवीत किंवा प्रयोगशाळेत त्यांना छत्री येईपर्यंत वाढवणं साधलेलं नाही. म्हणून राखायची ती जमीनच.

ही जमीन कशी हवी? हलकी, भुकेली, वर्षानुवर्षं नांगर न लागलेली. खत पडलं की गवत माजतं आणि वॅक्सकॅप हटतात. शेतकऱ्याने खत टाकलं नाही तरी शेजारच्या गोठ्यातला अमोनिया आणि वाहनांच्या धुरातला नायट्रोजन हवेतून, पावसातून उतरतोच. मार्च २०२५ च्या लाल यादीत बुरशींच्या ९१ जातींना याच नायट्रोजनचा धोका नोंदला होता. एकदा बिघडलेलं कुरण सावरायला दशकं लागतात.

तिथली निगा साधी, पण नेमाने करायची. वसंतात गवत फुलू द्यायचं, तिकडच्या उन्हाळ्याच्या अखेरीस कापायचं आणि छत्र्या यायच्या शरद ऋतूपर्यंत बोटभर-दोन बोटं उंचीचं ठेवायचं. मेंढ्या चारल्या तरी चालतं. बहुतेकांची चूक होते ती पुढे: कापलेलं गवत तिथेच टाकतात. ते कुजलं की खतच झालं! दाताळ्याने ओढून बाहेर न्यायला हवं. शेवाळ उपटायचं नाही, चुना टाकायचा नाही. आणि झाडं लावायची नाहीत. हे आपल्याला पटायला जड जाईल, कारण इकडेही पावसाळ्यात उघडा माळ दिसला की खड्डे खणायची घाई असते. सावली पडली, पाला साचला की कुरणातली बुरशी संपते.

एकाच फेरीत छत्र्या दिसल्या नाहीत म्हणून कुरण बाद ठरवू नये. काही जाती एखादं वर्ष वरच येत नाहीत. आता मातीच्या नमुन्यातला डीएनए तपासूनही त्या सापडतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या लॉनवर जुलैत पांढऱ्या छत्र्या येतात. माळी बुरशीनाशक मारतो. त्या दुर्मीळ असतील का?
– वाचक, मुलुंड

उत्तर : बहुधा नाहीत. मातीतलं शेणखत आणि खाली पुरलेला झाडाचा बुंधा यांवर जगणाऱ्या या सामान्य जाती. औषध वाया जातं, कारण मुख्य बुरशी मातीत खोल असते. छत्र्या काढून टाका, तेवढं पुरे.

मोठी पांढरी छत्री, वर तपकिरी खपल्या असतील तर टोपी तिच्या खालच्या पातळ पात्यांची बाजू कागदाला लागेल अशी पांढऱ्या कागदावर ठेवून वाटीखाली रात्रभर झाका. सकाळी हिरवट ठसा उमटला तर ती क्लोरोफायलम मोलिब्डायटीस, विषारी. खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या सुरू होतात. ठसा हिरवा नसला तरीही खाऊ नका. लहान मुलाने तोंडात घातलीच, तर उलटीची वाट न पाहता इस्पितळ गाठा. उरलेला तुकडा कागदात गुंडाळून सोबत न्या, प्लॅस्टिकमध्ये तो लवकर कुजतो.