नफा कोटींत बघू नका हो!

प्रश्न: आमच्या कोथरूडच्या कट्ट्यावर रोज सकाळी वाद. एकजण म्हणतो २०२४-२५ ला स्टेट बँकेचा नफा ७०,९०१ कोटी, महाराष्ट्र बँकेचा ५,५२० कोटी, मग तुलना कसली करता? दुसरा म्हणतो फायद्यात तर आपली लोकमंगलवाली महाराष्ट्र बँकच पुढे. मी रिटायर्ड माणूस, दोन्हीचे थोडे शेअर आहेत, कोणाचं खरं धरू?

उत्तर: काका, दुसऱ्याचं. मंडईतल्या गाळ्याचा आणि अख्ख्या मॉलचा गल्ला शेजारी ठेवून काय कळणार, किती माल लावून किती सुटले ते बघायचं. बँकेचा माल म्हणजे तिने वाटलेली कर्जं आणि रोख्यांतली गुंतवणूक (तुमची एफडी नाही बरं, ते बँकेच्या डोक्यावरचं देणं). त्या सगळ्या पसाऱ्याने नफ्याला भागलं की रिटर्न ऑन ॲसेट्स निघतो, त्या वर्षी स्टेट बँकेला शंभर रुपयांमागे साधारण एक रुपया दहा पैसे सुटले आणि महाराष्ट्र बँकेला दीड रुपयाच्या वर.

पण लगेच पेढे वाटू नका. हीच आपली बँक २०१८-१९ ला ४,७८४ कोटी तोट्यात होती! धंदा तेव्हाही चालूच होता, पण बुडीत कर्जांसाठी तरतूद करावी लागते ना, ती कमाई खाऊन टाकते. २०१७-१८ ला सगळ्या सरकारी बँकांचं मिळून ऑपरेटिंग प्रॉफिट (म्हणजे तरतूद वजा करण्याआधीचा नफा) दीड लाख कोटींच्या आसपास होतं आणि तरी शेवटी ८५ हजार कोटींचा तोटा, कारण २०१५ ला रिझर्व्ह बँकेने कर्जं तपासायला घेतली आणि झाकलेलं सगळं बाहेर आलं. त्याआधीची वर्षं कागदावर छानच दिसत होती की.

म्हणून मी आधी तरतुदीची ओळ वाचतो, नफा नंतर. आणि इतर उत्पन्नात जुन्या राइट-ऑफ (म्हणजे बुडीत धरून हिशोबातून काढून टाकलेल्या) कर्जांची वसुली किती ते बघा, ते पैसे दरवर्षी येतीलच असं नाही.

रिटर्न ऑन इक्विटीवर (भागधारकांच्या भांडवलावर किती नफा सुटला, तो टक्का) मात्र फार भाळू नका, तोट्यात भांडवल झिजलेलं असलं की थोड्या नफ्यातही तो आकडा फुगतो. आणि कट्ट्यावर कोणी तिमाहीचा टक्का घेऊन आला तर तो बहुतेक वर्षाच्या हिशोबाने वाढवून छापलेला असतो, मार्चअखेरचा पूर्ण वर्षाचा आकडा मागा.