सोळा ओहमचं कॅबिनेट, आठ ओहमचा ॲम्प

प्रश्न : काका नमस्कार. माझ्याकडे फेंडरचा जुना डिलक्स रिव्हर्ब हा गिटार ॲम्प आलाय, दोन ६व्ही६ व्हॉल्व्हवाला (काचेच्या जुन्या ट्यूब), पण आतला स्पीकर फाटलाय. मित्राकडे १६ ओहमचं कॅबिनेट पडून आहे आणि ॲम्पला लागतो ८ ओहम. मी मल्टिमीटर लावला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरची स्पीकरकडची बाजू जेमतेम अर्धा ओहम दाखवते, आणि कॅबिनेट १६ च्या जागी १३. दोन्ही गेलेत का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही रे बाबा, दोन्ही ठणठणीत आहेत. मल्टिमीटर मोजतो तो नुसत्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स, तोही डीसीवर. १६ ओहमचा स्पीकर १२-१३ दाखवतोच, ८ चा साधारण ६-७, त्यात घाबरायचं काही नाही. आणि ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत तर ते रीडिंग विसरूनच जा, कारण ट्रान्सफॉर्मरला स्वतःचे ओहम असे नसतातच, त्याच्याकडे असतं फक्त वेढ्यांचं प्रमाण. तुझ्या डिलक्समध्ये ते साधारण २८.७ ला १ धर. त्याचा वर्ग केला की ८२५ च्या आसपास येतो, म्हणजे स्पीकरला जे काही लावशील ते ८२५ पटीने मोठं होऊन व्हॉल्व्हना दिसतं. ८ ओहम लावलास तर त्यांना ६,६०० दिसतात, १६ लावलास तर १३,२००. एसटीचा गिअरबॉक्स असतो ना तसंच, गिअरबॉक्सला स्वतःचा चढ नसतो, चढ घाटाचा, तो इंजिनला किती जड वाटेल एवढंच गिअर ठरवतो.

आता १६ लावल्यावर काय होईल? पॉवर थोडी कमी मिळेल, आवाज जरा वेगळा वाटेल, आणि ॲम्प पूर्ण पिळलास तर व्हॉल्व्हच्या स्क्रीन ग्रिडला, म्हणजे आतल्या एका जाळीला, जास्त सोसावं लागेल. ४ लावलास तर उलटं, ३,३०० दिसतील, प्लेटमधून करंट जास्त जाईल आणि व्हॉल्व्ह लवकर म्हातारे होतील. फेंडरचे ट्रान्सफॉर्मर दुप्पट-निम्म्याचा फरक सहसा सहन करतात, त्यामुळे स्पीकर येईपर्यंत घरात हळू आवाजात १६ वर वाजव, बिनधास्त. स्टेजवर फुल करून नको.

खरी भीती आहे ती काहीच न लावण्याची. मी स्वतः केलंय हे, तरुणपणी, स्पीकरची वायर सोल्डर करायला काढली आणि परत लावायची विसरलो, वर गिटार वाजवून बघतोय की आवाज का येत नाही, म्हणून व्हॉल्यूम अजून वर. दोन मिनिटांत सॉकेटच्या दोन पिनांमध्ये निळी ठिणगी आणि करपल्याचा वास. लोडच नसला की ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या बाजूला, प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि ते कुठून तरी वाट काढतंच. म्हणून तर फेंडरच्या मुख्य स्पीकर जॅकमधून प्लग काढला की तो आपोआप शॉर्ट होतो. ऐकायला उलटं वाटतं, पण ट्यूब ॲम्पला उघड्यापेक्षा शॉर्ट बरा.

आणि आकड्यांचा फार कीस पाडू नका. ८ ओहमचा स्पीकर ८ ओहम असतो तो एखाद्याच फ्रिक्वेन्सीच्या आसपास, खाली रेझोनन्सला, म्हणजे जिथे स्पीकरचा कोन आपणहून जास्त हलतो तिथे, तो तीस-चाळीसच्या वर जातो, वर ट्रेबलमध्येही चढत जातो. ६व्ही६ च्या डेटाशीटमध्ये २८५ व्होल्टला ८,००० ओहम आणि १४ वॅट दिलेत, फेंडरने त्याच व्हॉल्व्हला चारशेच्या वर व्होल्ट देऊन ६,६०० वर २२ वॅट काढले. डेटाशीटवाल्यांनी बघितलं असतं तर डोक्याला हात लावला असता.

प्रश्न : त्याच ॲम्पमध्ये ६व्ही६ काढून ६एल६ लावले तर? पिना सारख्याच आहेत. – ठाणे

उत्तर : पिना सारख्या, भूक वेगळी. ६व्ही६ चा हीटर, म्हणजे आतली तापणारी तार, ०.४५ अँपिअर घेतो, ६एल६जीसी चा ०.९, म्हणजे दोन मिळून ०.९ अँपिअर जास्तीचा भार बिचाऱ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरवर. बायस, म्हणजे गिटार वाजत नसताना व्हॉल्व्हमधून किती करंट जावा ते ठरवणारं व्होल्टेज, परत लावावा लागेल. ६एल६ च्या जोडीला ४,००० च्या आसपास बरं वाटतं, त्यामुळे त्याच ट्रान्सफॉर्मरवर ४ ओहमचा स्पीकर लावून ३,३०० वर चालवणारे लोक आहेत, पण लोखंड छोटंच ना, खालचे सूर गुळगुळीत होतात. ईएल३४ चा तर विचारही नको, हीटर दीड अँपिअर, आणि फेंडरने पिन १ ग्रिडचा रेझिस्टर टेकवायला वापरलेली असते, ईएल३४ मध्ये तिथे सप्रेसर ग्रिड, म्हणजे आतली आणखी एक जाळी, येते.

प्रश्न : तपकीर गल्लीतून एक जुना आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणलाय, वर काहीच लिहिलेलं नाही. किती ओहमचा ते कसं काढू? – पुणे

उत्तर : साधा १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घे, त्याचा एसी प्रायमरीच्या दोन टोकांना दे (फेंडरच्या रंगांत असेल तर निळी आणि तपकिरी, लाल मधली, ती मोकळी ठेव) आणि स्पीकरच्या बाजूला किती येतात ते मोज. दिलेले १२ आहेत असं गृहीत धरू नकोस, तेही मोज, लोड नसल्यावर जास्तच असतात. माझ्या टेबलावर एकदा १३.२ गेले आणि ०.४६ आले, भागाकार २८.७, वर्ग ८२३, ८ ओहमचा स्पीकर धरून गुणिले ८, म्हणजे साडेसहा हजारांच्या थोडं वर. झालं काम.

आता गंमत. तो पिवळा डीटी-८३० मीटर असेल तर त्याची एसीची सगळ्यात खालची रेंजच २०० व्होल्टची, तो एक दशांशच दाखवतो. ०.४ दाखवला तर उत्तर येतं ८,७००, ०.५ दाखवला तर साडेपाच हजार! आणि लोक भांडत बसतात की दुकानदाराने फसवलं. मिलिव्होल्ट एसी दाखवणारा मीटर मागून आण कुणाकडून तरी. आणि उलटं करू नकोस, म्हणजे स्पीकरच्या बाजूला १२ व्होल्ट देऊन प्रायमरी मोजायची असं, तिकडे साडेतीनशेच्या आसपास निघतील आणि हात लागला तर काय होतं ते लिहायला तू उरायला हवास. ट्रान्सफॉर्मर ॲम्पमध्ये बसलेला असेल तर आधी प्लग काढ, कपॅसिटर डिस्चार्ज कर, व्हॉल्व्ह काढ, मग हात घाल.

प्रश्न : आमच्या बँडमधला फेंडरचा ट्विन रिव्हर्ब ॲम्प लग्नाच्या हॉलमध्ये फारच मोठा वाजतो. चारातले दोन व्हॉल्व्ह काढले तर चालतं असं ऐकलं, खरंय का? – मडगाव

उत्तर : चालतं, पण लोडही बदलावा लागतो. चार ६एल६ मिळून ४ ओहमवर साधारण २,००० बघतात. दोन काढले तरी ट्रान्सफॉर्मर तेच २,००० दाखवणार, आणि उरलेल्या जोडीला हवेत ४,०००. म्हणून स्पीकरकडे ८ ओहम हवेत. ट्विनमध्ये ८ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल असतात, त्यातला एक सोडवला की ८ झाले. व्हॉल्व्ह काढताना एकतर बाहेरचे दोन काढा नाहीतर आतले दोन, एकाच बाजूचे दोन काढले तर पुश-पुलमधला (एक बाजू ढकलते, दुसरी ओढते) नुसता पुश उरेल. करंट कमी झाल्याने आतलं व्होल्टेज थोडं चढतं, त्यामुळे बायस एकदा बघून घ्या.

एवढं सगळं करून आवाज किती कमी होईल? वॅट निम्मे, म्हणजे ३ डेसिबल. मागच्या रांगेतल्या पाहुण्यांना कळणारसुद्धा नाही. हॉल लहान असेल तर ट्विन घरीच ठेवा आणि एखादा डिलक्स बघा, सांगलीच्या वाचकाला विचारा हवं तर, फक्त आधी त्याचा स्पीकर बसू द्या.