एका दिवसाला एकच माणूस

प्रिय पोरी,

स्कॉटलंडमध्ये बाबांचे पूर्वज शोधायची तुझी शनिवारची यादी बघितली. सकाळी एडिनबराहून गाडी, मग मॉन्ट्रोज, लॉरेन्सकर्क, फोर्डन, ग्लेनबर्व्ही, स्टोनहेवन, वर डनॉटरचा किल्ला आणि रात्री परत. आणि त्याच्याखाली तो रडका मेसेज, की मावशी बाबांचे लोक नक्की कुठले तेच कळत नाहीये, दर जनगणनेत गाव वेगळं, मग मी कुठली म्हणून सांगायचं. आधी ती यादी फाड. एका दिवसाला एकच माणूस. गाव नाही, आडनाव नाही, क्लॅन, म्हणजे तिथलं कुळ, तर नाहीच नाही.

गाव वेगळं येतं कारण तुझे लोक शेतगडी होते. किंकार्डिनशरमध्ये, म्हणजे तुझ्या यादीतल्या ह्याच भागात, बिनलग्नाचा गडी सहा महिन्यांच्या कराराने राहायचा, बायकापोरंवाला वर्षाच्या, आणि मुदती दोनच, मे आणि नोव्हेंबर. फीइंग मार्केट म्हणजे गड्यांचा बाजार भरायचा, शेतकरी येऊन माणूस बघायचा, मजुरी ठरली की हातावर एक नाणं टेकवायचं, करार पक्का. मुदत भरली आणि मालकाशी पटलं नाही किंवा पलीकडच्या फार्मवर दोन पैसे जास्त मिळाले की चालले. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. तू पाठवलेलं 1881 च्या जनगणनेचं पान परत उघड आणि जन्मठिकाणाचा रकाना वाच, एका घरातली चार पोरं आणि चौघांपुढे जन्माचा पॅरिश, म्हणजे चर्चचा परगणा, वेगळा. ह्यात गोंधळ कसला, नोकरीचा अख्खा हिशोब आहे तो, तुझ्या बाबांच्या लोकांनी स्वतः कुठे लिहून ठेवला नसता इतका नीट.

तर माणूस कोण घ्यायचा? बाबांची खापरपणजी. नवऱ्याला सोड, तो नांगर धरणारा, त्याच्यावर सगळे लिहितात. हिचा सगळ्यात मोठा मुलगा 1869 चा, त्याच्या नोंदीत बापाचा रकाना कोरा, नावाखाली 'इललेजिटिमेट', म्हणजे अनौरस, असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, आणि सहीच्या जागी फुली. फुलीच्या एका बाजूला 'हर', दुसऱ्या बाजूला 'मार्क', मध्ये तिने ओढलेल्या दोन रेघा आणि एक रेघ जरा जास्तच दाबलेली. हे तू बघितलंस आणि मला लिहिलंस की आमच्याकडे असं काही असेल असं वाटलं नव्हतं. काय वाटलं नव्हतं? त्या काळी स्कॉटलंडच्या ईशान्य भागात असल्या नोंदी पानोपानी आहेत, तिथला बान्फशर परगणा तर त्यासाठी बदनामच होता. लाजायचं असेल तर रकाना कोरा सोडणाऱ्याने लाजावं.

आणि कोरा म्हणजे संपलं असं नाही. चर्चची पंचमंडळी, कर्क सेशन, अशा बाईला बोलावून बापाचं नाव विचारायची आणि ते वहीत उतरायचं. त्या वह्या आता स्कॉटलंड्सपीपल ह्या सरकारी नोंदींच्या साइटवर बघता येतात. मात्र 1843 मध्ये चर्च फुटलं, फ्री चर्च वेगळं झालं, त्यामुळे ती कोणत्या चर्चची होती ते आधी बघ, नाहीतर भलत्याच वहीत डोळे फोडत बसशील. तिची मृत्यूची नोंदही काढ. 1855 पासून सरकारी नोंदणी सुरू झाली आणि स्कॉटलंडमध्ये मृत्यूच्या नोंदीत आईबापांची नावं लिहितात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. म्हणजे एका कागदात बाईची आईसुद्धा हाती लागते. जन्माच्या नोंदी शंभर वर्षांनी, लग्नाच्या पंचाहत्तर आणि मृत्यूच्या पन्नास वर्षांनी ऑनलाइन खुल्या होतात, तुला हवं ते सगळं त्याहून जुनं आहे, कुठेही अडकत नाही, मग आळस कशाला.

टार्टनचा, म्हणजे घराण्याची खूण म्हणून विकतात त्या चौकड्यांच्या कापडाचा, स्कार्फ घ्यायचा का विचारलंस. घे ना, थंडी असते. पण तो तुझा आहे म्हणू नको. 1822 मध्ये चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा वॉल्टर स्कॉटने सगळ्यांना टार्टन घालायला लावलं, तिथून हे खूळ देशभर पसरलं. तुझी माणसं शेणात काम करत होती.

शनिवारी कबर शोधत फिरू नकोस. हे मी कितीतरी जणांना सांगते आणि कोणी ऐकत नाही. शेतगड्याच्या बायकोला दगड कोण लावणार? ग्लेनबर्व्हीला कवी रॉबर्ट बर्न्सच्या पणजोबा-पणजीचा दगड आहे, पण ते लोक खंडाने का होईना फार्म स्वतः कसणारे. (तिथे आडनाव 'बर्नेस' असं आहे, ह्यावरून स्पेलिंगवर किती विसंबायचं ते ठरव. त्याच घराण्याच्या मॉन्ट्रोजच्या शाखेतला अलेक्झांडर बर्नेस 1821 मध्ये कंपनीच्या मुंबई आर्मीत भरती झाला आणि 1841 मध्ये काबूलला मारला गेला.) तरी दगड दिसलाच तर खरवडू नको, खडू फासू नको, वाळूचा दगड असतो, पापुद्रे सुटतात. टॉर्च बाजूने धर, अक्षरं सावलीने उठतात.

त्यापेक्षा ती राहायची तो फार्म गाठ. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर ऑर्डनन्स सर्व्हे ह्या सरकारी मोजणी खात्याचा जुना, मैलाला सहा इंचांचा नकाशा फुकट आहे, आजच्या नकाशाशेजारी लावून बघता येतो. फार्मपासून तिच्या चर्चपर्यंत चाल. 2003 च्या कायद्याने तुला शेताच्या कडेने जायचा हक्क आहे, फक्त कुणाच्या अंगणात घुसू नको, उभ्या पिकातून जाऊ नको आणि फाटक होतं तसं ठेव. दिवसाचे दोन-तीन तास त्यात जातील आणि जाऊ देत. एका दिवसाला एकच माणूस म्हणते ते एवढ्यासाठी, गाडीतून सहा चर्चचे फोटो काढलेस तर चिखल किती आणि चढ कुठे हे तुला कधीच कळणार नाही.

आमच्या घरात सगळे हसतात मला. नवऱ्याच्या पूर्वजांशी तुला काय करायचंय, सुट्ट्या कबरस्तानात घालवतेस. हसू देत. माझ्या माहेरचा कुळवृत्तांत आहे, छापील, जाडजूड, त्यात माझी पणजी म्हणजे पणजोबांच्या नावापुढचे दोन शब्द. माहेरचं नाव नाही, गाव नाही. रत्नागिरीकडची होती एवढंच आजी सांगायची. तिच्यासाठी मला कुठलाच रकाना उघडता येत नाही, मग जिथे उघडता येतो तिथे मी उघडणारच, आणि त्यात मी बरोबर आहे. किल्ले कुठे पळून जात नाहीत.

पण माणसं जातात. आमच्या सासूबाई एका फार्मचं नाव काढलं की उठून चहा ठेवायच्या. किटली, कप, बिस्किटं, विषय संपला. काय होतं तिथे ते त्यांच्याबरोबर गेलं आणि मला अजून हळहळ वाटते. तुझ्या बाबांची आत्या आहे ना अजून? शनिवारच्या आधी तिला फोन कर. वंशवृक्ष वगैरे विचारू नको, आजी कोणत्या फार्मबद्दल बोलायची एवढंच विचार आणि गप्प बस, तिला बोलू दे. नाव ती जसं उच्चारेल तसं रेकॉर्ड करून मला पाठव, तू टाइप करू नकोस. तिकडे नकाशावरचं नाव आणि लोकांच्या तोंडातलं नाव ह्यांचा बऱ्याचदा काही संबंध नसतो, आणि मला शुक्रवारपर्यंत दोन्ही जुळवायचीत.

तुझी मावशी