गेमिंगसाठी पीएस५ घेऊ की पीसी? घर मालवणात, समुद्राजवळ

नुसते गेमच खेळायचे असते तर मी पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल) म्हटलं असतं, तेवढ्या पैशात तेवढ्या ताकदीचा पीसी बसतच नाही. पण तू लिहिलंयस कॉलेजचं कोडिंगपण करायचंय, मग पीसीच घे, शिवाय पीसीवर ऑनलाइन मॅचला सहसा वेगळं सबस्क्रिप्शन लागत नाही, पीएस५ वर विकतच्या बहुतेक गेमना ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लस हे सबस्क्रिप्शन घ्यावंच लागतं. आणि आपल्याकडची खारी हवा बघ, स्क्रू, पोर्ट सगळं गंजतं, पीसी निदान घरी उघडून रॅम काढून पुसता तरी येते. पावसात रोज थोडा वेळ चालू ठेव म्हणजे आत ओल धरत नाही. यूपीएस मात्र पहिल्याच दिवशी घे, अपडेट चालू असताना लाइट गेली तर डेटा करप्ट होऊ शकतो.