बैठकीत गप्प राहणारे सहकारी

प्रश्न : आमच्या विभागात अनेक भाषांचे आणि धर्मांचे सहकारी आहेत, तरीही बैठकीत ठरावीक चौघेच बोलतात. विभागप्रमुख म्हणून मी काय करावे?

उत्तर : नेमणुकांत विविधता आली म्हणजे निर्णयांत सहभाग आला, असे नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५८ च्या १११ क्रमांकाच्या करारात वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय वा सामाजिक मूळ यांवरून होणाऱ्या भेदभावाचा विचार आहे. तुमच्याकडचा अडसर मात्र नियमांपेक्षा सवयींचा दिसतो. बैठकीचे विषय आदल्या दिवशी लेखी द्यावेत, म्हणजे मातृभाषेबाहेर विचार मांडणाऱ्याला तयारीस वेळ मिळेल, आणि बोलण्याची सुरुवात दर वेळी वेगळ्या, शक्यतो कनिष्ठ सहकाऱ्याकडून करावी. स्वतःचे मत शेवटी सांगावे; प्रमुख आधी बोलले की बाकीचे (आणि यात नवल नाही) माना डोलावतात. कोणाच्याही सणाच्या दिवशी महत्त्वाची बैठक ठेवू नये.