डिजिटल मिक्सरला प्लगइन जोडताना

प्रश्न : डिजिटल मिक्सरला यूएसबीने लॅपटॉप जोडून आम्ही गायिकेच्या चॅनेलवर कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार आवरणारा) आणि रिव्हर्ब (घुमारा देणारा) यांची प्लगइन, म्हणजे लॅपटॉपवर चालणारी सॉफ्टवेअर, इन्सर्ट केली आहेत; म्हणजे तिचा सगळा आवाज त्यांतूनच पुढे जातो. तेव्हापासून इन-इअरमध्ये (कानात घालायच्या मॉनिटरमध्ये) तिला स्वतःचा आवाज पोकळ ऐकू येतो. लॅपटॉप बदलावा का?

उत्तर : लॅपटॉप बदलण्याआधी सिग्नलचा मार्ग बदलून पाहावा. सॅम्पल रेट (दर सेकंदाला घेतली जाणारी आवाजाची मोजमापे, म्हणजे सॅम्पल) ४८ किलोहर्ट्झ आणि बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो सॅम्पलचा गट) १२८ सॅम्पलचा असेल, तर सिग्नल लॅपटॉपमध्ये जाऊन परत यायला, जाताना एक आणि येताना एक बफर धरून, किमान ५.३ मिलिसेकंद लागतात; ड्रायव्हरचा आणि लुकअहेड लिमिटरसारख्या (पुढचा आवाज आधी पाहून पातळी रोखणाऱ्या) प्लगइनचा विलंब त्यात आणखी मिळवावा लागतो. श्रोत्यांना हा उशीर जाणवत नाही, कारण तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून दोन मीटरही पुढे जात नाही. गायिकेचा आवाज मात्र कवटीच्या हाडांतून तिच्या कानापर्यंत आधीच पोहोचलेला असतो आणि इन-इअरमधून मागाहून येणारा तोच आवाज त्यात मिसळला की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींत विरून जातात. सारख्या पातळीच्या दोन आवाजांत ५ मिलिसेकंदांचे अंतर पडले, तर १००, ३००, ५०० हर्ट्झ अशा ओळीने खड्डे पडतात. तिला जाणवणारा पोकळपणा बहुधा हाच आहे.

रिव्हर्ब इन्सर्टवरून काढून ऑक्स सेंडवर (आवाजाची प्रत बाहेर पाठवणाऱ्या वेगळ्या वाटेवर) घ्यावा, प्लगइनमधला मिक्स १०० टक्के वेट (फक्त घुमारा, मूळ आवाज नाही) ठेवावा आणि त्याचा रिटर्न, म्हणजे परत येणारा घुमारा, वेगळ्या चॅनेलवर आणावा. मूळ आवाज मिक्सरमध्येच राहिल्याने लॅपटॉपचा उशीर केवळ थोड्या जास्त प्री-डिलेसारखा (मूळ आवाजानंतर घुमारा सुरू होईपर्यंतच्या अंतरासारखा) वाटतो. शिवाय कार्यक्रम चालू असताना लॅपटॉप अडकला, तर फक्त रिव्हर्ब जातो. इन्सर्टमध्ये गायिकेचा आवाजच बंद पडतो. माझ्या मते हे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे.

कॉम्प्रेसर शक्यतो मिक्सरचाच वापरावा. प्लगइनचाच हवा असेल, तर एकच माइक दोन चॅनेलवर घ्यावा : पहिला प्लगइनविना, फक्त इन-इअरसाठी, आणि दुसरा प्लगइनसह, फक्त मुख्य स्पीकरसाठी. पहिला चॅनेल चुकूनही मुख्य मिक्समध्ये जाऊ देऊ नये, नाहीतर तोच पोकळपणा श्रोत्यांनाही ऐकू येईल.

बफर ६४ वर आणायचा झाल्यास सर्व प्लगइन चालू ठेवून दीर्घकाळ चाचणी घ्यावी आणि तडतड ऐकू आली तर पुन्हा १२८ वर जावे. इन्सर्ट बंद करण्याची आज्ञा मिक्सरच्या एखाद्या यूजर कीवर (हवे ते काम नेमून देता येणाऱ्या बटणावर) ठेवून तालमीतच एकदा दाबून पाहावी.